पाकळी जुनी झाली की ॲलर्जी वाढते का? ताज्या आणि कोमेजलेल्या फुलातला फरक

तिसरी_पाकळी (प्रश्न)

कापलेल्या फुलांबद्दल नेमकं विचारायचं आहे. तेच फूल, तीच फुलदाणी, तीच खोली. पहिले दोन दिवस काही होत नाही, चौथ्या-पाचव्या दिवसापासून शिंका आणि डोळ्यांना खाज सुरू होते. लिलीच्या बाबतीत हे फार ठळक दिसतं. ट्युलिप आणि शेवंतीचा प्रकार वेगळा. तिथे शिंका नाहीत, पण कोमेजलेल्या पाकळ्या खुडून काढल्या की एक-दोन दिवसांनी बोटांची टोकं खाजतात, कोरडी पडतात, त्यांना चिरा पडतात.

तर पाकळी जुनी होते तसं तिच्यात ॲलर्जी घडवणारं काही वाढत जातं का? वाळवलेल्या पाकळ्या ताज्यांपेक्षा बऱ्या की वाईट? आणि तपासणी करून घ्यायची झाली तर फूल कोणत्या वयाचं न्यावं?

"उग्र वासाची फुलं टाळा" एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं. त्यामागचं कारण कोणी उलगडून सांगेल का?

---

परागकोश

पाकळीकडे घड्याळ म्हणून बघा. ती कोमेजत असते त्याच काळात फुलात आणखी तीन गोष्टी चाललेल्या असतात. परागकोश (परागकणांच्या पिशव्या) फुटतात, पेशींची पटलं (आवरणं) गळायला लागतात आणि ओलसर भागावर बुरशी बसते. तुमच्या शिंका पहिल्या किंवा तिसऱ्या गोष्टीमुळे असू शकतात, बोटांच्या चिरा दुसरीमुळे. दोन्ही त्रास "जुन्या फुलाचे" वाटतात, पण त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही आणि उपायही वेगळे आहेत. मी परागकणांपुरतं लिहितो.

लिली उमलते तेव्हा तिचे सहाही परागकोश बंद असतात. हात लावला तर गुळगुळीत, घट्ट लागतात, बोटाला रंग येत नाही. खोलीच्या तापमानाला साधारण काही तासांपासून एका दिवसापर्यंतच्या अवधीत ते उभे चिरतात आणि पृष्ठभाग मखमलीसारखा, भुकटी लागलेला दिसतो. म्हणजे एका दांडीवर पाच कळ्या असतील आणि त्या एकेक करून उमलत असतील, तर पहिल्या दिवशी खोलीत एका फुलाचे परागकण असतात आणि पाचव्या दिवशी चार फुलांचे. शिवाय पहिल्या फुलाचे परागकोश तोवर वाळून ठिसूळ झालेले असतात. दांडी हलली, पाणी बदललं, पाकळी गळून पडली की ते झडतात. चौथ्या-पाचव्या दिवसाचं गणित बहुतेक इथेच सुटतं.

कीटकांकडून परागीभवन होणाऱ्या फुलांचे परागकण मोठे आणि तेलकट, चिकट असतात. लिलीचा कण तर सुमारे १०० मायक्रॉनचा. गवत किंवा बर्च यांच्या परागकणांसारखे ते हवेत दूरवर जात नाहीत. पण फुलदाणी जेवणाच्या किंवा कामाच्या टेबलावर, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असेल तर त्यांना दूर जायची गरजच नसते. टेबलावर पडतात, हाताला लागतात, हात डोळ्याला लागतो.

एक गैरसमज फार पसरलेला आहे: फूल सुकलं म्हणजे पराग "मेला", आता त्रास नाही. परागकणाची रुजण्याची ताकद आणि त्याची ॲलर्जी घडवण्याची ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कण रुजायला असमर्थ झाला तरी त्यातली प्रथिनं तशीच राहतात. कोरड्या कणात ती महिनोन् महिने टिकतात आणि नाकाच्या किंवा डोळ्याच्या ओलाव्यात काही मिनिटांत बाहेर येतात. म्हणून वाळवलेल्या फुलात परागकोश राहिले असतील तर त्रासही राहतोच. वाळवलेल्या कॅमोमाइलच्या काढ्याने तीव्र ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत, त्याचं कारण हेच. त्याची अख्खी फुलं वाळवतात, त्यात पराग असतो, आणि आर्टेमिसियाच्या (दवण्याच्या जातीच्या झाडांच्या) परागाची ॲलर्जी असलेल्यांचं शरीर त्या प्रथिनांनाही तशीच प्रतिक्रिया देतं.

लिलीचं काम असं करा. कळी सैल होऊन पाकळ्यांची टोकं सुटली, आत बोट किंवा चिमटा जाईल एवढी फट झाली, की तेव्हाच परागकोश देठासकट किंवा नुसते वरचे ओढून काढा. त्याआधी जबरदस्तीने कळी उघडली तर पाकळीला चीर जाते आणि ती तपकिरी पडते. उशीर झाला आणि भुकटी सुटली असेल तर आधी टिश्यूची पिशवी करून परागकोश त्यात धरा, मग ओढा. कपड्यावर किंवा पाकळीवर पडलेला पराग ओल्या फडक्याने पुसू नका. त्यातलं तेल आणि रंग धाग्यात बसतो, आणि ओलाव्याने प्रथिनं सुटून सगळीकडे पसरतात. चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला, घासू नका. टेबल किंवा फरशी मात्र ओल्या फडक्यानेच पुसायची, कारण कोरड्या झाडूने सगळं पुन्हा हवेत जातं. दांडीवरची प्रत्येक कळी वेगळ्या दिवशी उमलते, त्यामुळे हे काम एकदा करून संपत नाही. रोज सकाळी एक नजर टाकावी लागते. लोक पहिल्या दिवशी काढतात आणि नंतर विसरतात, तिथेच घोटाळा होतो.

सूर्यफूल, जरबेरा, शेवंती यांचं घड्याळ आणखी वेगळं. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो शेकडो लहान फुलांचा गुच्छ असतो. बाहेरच्या "पाकळ्या" आठवडाभर टवटवीत दिसतात, पण मधल्या चकतीतली फुलं कडेकडून आत वळसे घेत रोज थोडी थोडी उमलतात. सूर्यफुलात प्रत्येक छोटं फूल पहिल्या दिवशी पराग बाहेर ढकलतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा स्त्रीकेसर उघडतो. म्हणजे पाकळी ताजी दिसत असतानाही परागाचा भर रोज नव्याने येत असतो. इथे पाकळीकडे न बघता चकतीकडे बघा. चकतीचा मध्य अजून घट्ट असेल आणि कडेला पिवळी भुकटी नसेल तर फूल कोवळं. पिवळी कड आत सरकत मध्यापर्यंत आली असेल तर बहुतेक पराग बाहेर पडलेला आहे. पराग न देणारी सूर्यफुलं मिळतात. गुलाब, कार्नेशन यांच्या दुहेरी (दाट पाकळ्यांच्या) फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे त्यांत पराग कमी. शिंकांचा त्रास असणाऱ्यांनी फुलाचा रंग-वास सोडून आधी हा फरक शिकून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

---

निळे_हातमोजे

बोटांबद्दल मी लिहिते. वर म्हटल्याप्रमाणे ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. शिंका आणि डोळ्यांची खाज काही मिनिटांत येते, ती प्रथिनांविरुद्धच्या आयजीई नावाच्या प्रतिपिंडांमुळे. बोटांची प्रतिक्रिया २४ ते ७२ तासांनी येते, ती लहान रसायनांमुळे आणि शरीरातल्या टी पेशींमुळे. म्हणून रविवारी खुडलेल्या फुलांचा त्रास मंगळवारी दिसतो आणि दोष मंगळवारच्या फुलांना दिला जातो.

ट्युलिप आणि आल्स्ट्रोमेरियाच्या पेशीत ट्युलिपोसाइड ए नावाचं साठवलेलं रसायन असतं. पेशी धड असते तोवर ते आपल्या जागी असतं. पेशी चिरडली, कापली, फाटली की त्याची विकराशी (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाशी) गाठ पडते आणि त्यातून ट्युलिपालिन ए तयार होतं. त्वचेला संवेदनशील करतं ते हे. कंदाच्या बाहेरच्या थरांत ते सर्वांत जास्त, पण देठ, पान, पाकळी यांतही असतं.

आता पाकळीच्या वयाचा प्रश्न. कोमेजणाऱ्या पाकळीत पटलं गळकी होतात, आतले द्रव एकमेकांत मिसळतात, पाकळी पारदर्शक आणि लिबलिबीत होते. ताजी पाकळी बोटांत धरली तर ती शाबूत राहते. जुनी धरली की चुरगळते आणि रस थेट बोटाला लागतो. त्यामुळे रसायन किती आहे याहून ते बोटापर्यंत किती पोहोचतं हे जास्त महत्त्वाचं ठरतं. खुडणं हे कामच असं आहे की अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट पुन्हा पुन्हा त्याच जागी दाबलं जातं. चिरा नेमक्या त्याच टोकांना येतात. या खुणेवरून निदानाची दिशा कळते.

पण "जुनं म्हणजे वाईट" असा सरसकट नियम करू नका, उलटं होणारी फुलंही आहेत. नार्सिससचा चिकट रस देठ कापल्याबरोबर सर्वांत जास्त वाहतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते त्वचेला टोचतात. ही ॲलर्जी नाही, दाह आहे, आणि तो ताज्या फुलाचा त्रास आहे. प्रिम्युला ऑबकोनिकात प्रिमिन हे रसायन बारीक ग्रंथी-केसांत असतं. नुसता स्पर्श झाला तरी केस तुटतात, मग फूल कोणत्याही वयाचं असो. तिथे सुकलेली फुलं खुडतानाच त्रास होतो याचं कारण एवढंच की त्या वेळी हात झाडात सगळ्यात जास्त फिरतो.

शेवंतीच्या कुळात सेस्क्विटर्पीन लॅक्टोन असतात, तेही ग्रंथी-केसांत. वाळल्याने ते नाहीसे होत नाहीत. याच कुळातलं गाजर गवत वाळून त्याची धूळ उडते तेव्हाही पापण्या, मान आणि हात पेटतात ते यामुळेच. म्हणून शेवंतीपुरतं तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: वाळवलेली सुरक्षित नाही. चुरा झाली तर जास्तच वाईट, कारण ताजं फूल फक्त हाताला लागतं आणि चुरा पापण्यांवरही बसतो.

हातमोज्यांचं नीट ऐका, कारण इथे बहुतेक जण चुकतात. ट्युलिपालिन ए लॅटेक्स आणि व्हिनाइलमधून आरपार जातं. पातळ लॅटेक्सचा हातमोजा घालून काम केलं तर रसायन आत शिरतं आणि घामात, बंद जागेत त्वचेवर टिकून राहतं. हे हातमोजा न घालण्यापेक्षाही वाईट ठरू शकतं. नायट्राइलचे घ्या, फाटले किंवा आतून ओले झाले की लगेच बदला. खुडायचं टाळून कात्रीने कापा, कापलेलं थेट पिशवीत पडू द्या. काम झाल्यावर हात कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, मग साधं मलम लावा. कात्रीची मूठ धुवायला विसरू नका. हात धुऊन पुन्हा तीच कात्री धरली जाते आणि मग "हातमोजे घालूनही होतं" अशी तक्रार येते.

---

तिसरी_पाकळी

दोघांचेही आभार. लिलीचं आता लक्षात आलं. पण गुलाब आणि कार्नेशनच्या दुहेरी फुलांत पुंकेसर जवळजवळ दिसतच नाहीत. तिथेही सहाव्या-सातव्या दिवशी नाक चोंदतं, ते कशाने? आणि परागकोशांनी बुरशीचा उल्लेख केला होता, तो अर्धा राहिला.

---

ओली_कड

बुरशीचं मी पुरं करतो, कारण दुहेरी फुलांत तीच पहिली संशयित आहे. दाट पाकळ्यांच्या मध्ये हवा खेळत नाही, ओल टिकते.

पिकलेल्या पाकळीतून साखर आणि इतर अन्नद्रव्यं पाझरतात. करडी बुरशी, म्हणजे बॉट्रायटिस सिनेरिया, हिला तेवढंच हवं असतं. तापमान १५ ते २५ अंश सेल्सिअस आणि पाकळीवर पाण्याचा थर किंवा ९३ टक्क्यांच्या वरची आर्द्रता मिळाली की ती रुजते. पहिली खूण म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी किंवा गुलाबी ठिपके, बहुतेकदा बाहेरच्या पाकळ्यांवर. एका दिवसातही उमटतात. मग ठिपके एकत्र येऊन भाग मऊ पडतो, आणि नंतरच्या काही दिवसांत करडी लव दिसते. ती लव म्हणजे बीजाणूंचे तुरे. बीजाणू साधारण १० मायक्रॉनचे, कोरडे, आणि हवेतली आर्द्रता बदलली किंवा फूल हललं की सुटणारे. लिलीच्या परागापेक्षा कितीतरी हलके, म्हणून ते खोलीभर फिरतात. ज्यांचा त्रास फुलदाणीपासून लांब बसूनही होतो त्यांनी परागाआधी बुरशीचा विचार करावा. क्लॅडोस्पोरियम आणि आल्टर्नेरिया याही सडणाऱ्या पाकळ्या-पानांवर येतात, आणि आल्टर्नेरियाचा दम्याशी संबंध चांगला माहीत आहे.

ओळखायची सोपी रीत: देठाशी, जिथे पाकळ्या एकमेकींवर येतात तिथे, टॉर्चचा प्रकाश तिरका पाडा. वरून फूल ठीक दिसत असतं आणि आत लव असते.

करायचं काय? फुलांवर पाणी फवारू नका. "ताजी राहतात" म्हणून सगळे फवारतात आणि बुरशीला नेमकं हवं ते आयतं मिळतं. फुलं आणल्यावर बाहेरची दुखावलेली पाकळी काढा. पाण्याखाली जाणारी पानं काढा, पाणी दर दोन दिवसांनी पूर्ण बदला, फुलदाणी घासून धुवा. फुलं एकमेकांना खेटून ठेवू नका. शीतकपाटातून काढलेलं फूल उबदार खोलीत आलं की त्यावर दव धरतं. प्लास्टिकचं वेष्टण असेल तर ते लगेच सोडा, नाहीतर ते दव तिथेच अडकतं.

लव आलेलं फूल फेकतानाची चूक सगळ्यात महाग पडते. लोक ते उचलून खोलीतून झटकत कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेतात. पिशवी फुलदाणीपर्यंत आणा, फुलावर वरून उलटी घाला, तोंड बांधा, मग देठ उचला. दमा असेल तर हे दुसऱ्याला करू द्या, किंवा एन ९५ मास्क लावून करा. खाली पडलेल्या पाकळ्या ओल्या कागदाने गोळा करा.

वाळवताना तर जास्तच सांभाळा. पाकळ्या एका थरात, एकमेकींवर न येता, हवेशीर आणि अंधाऱ्या जागी पसराव्या. जाड थरात वाळवल्या तर वरची पाकळी कुरकुरीत होते आणि खालची बुरशीत. चुरडल्यावर कड मऊ लागत असेल तर ती अजून वाळलेली नाही, डब्यात भरू नका.

---

चौथा_प्रहर

दोन गोष्टी राहिल्या, थोडक्यात लिहितो.

वास. तोही वयाप्रमाणे बदलतो, पण सरळ चढत जात नाही. स्नॅपड्रॅगनमध्ये वास देणारं मिथाइल बेंझोएट कळीत नगण्य असतं, उमलल्यावर काही दिवसांनी, आठवडाभराच्या आसपास, शिगेला पोहोचतं आणि मग उतरतं. परागीभवन झालं तर आणखी लवकर. पेटुनियात परागीभवनानंतर दीड-दोन दिवसांतच वास मोठ्या प्रमाणात घसरतो, शिवाय ती वास सोडते रात्री. तेव्हा "संध्याकाळनंतर नाक चोंदतं, सकाळी बरं" असं असेल तर वासाकडे बघा. वासाने नाक वाहणं ही बहुतेक वेळा ॲलर्जी नसते. नाकातले मज्जातंतू चाळवले जातात म्हणून ते होतं, आणि त्यामुळे प्रिक टेस्ट (त्वचेला सुईने टोचून करायची ॲलर्जीची तपासणी) कोरी येते. कोरी आली म्हणजे त्रास खोटा, असं मुळीच नाही.

खोलीत वाटीत ठेवायच्या वाळवलेल्या सुगंधी पाकळ्यांना बहुतेकदा वरून सुगंधी तेल लावलेलं असतं. त्यातलं लिनालूल आणि लिमोनिन उघड्या हवेत ऑक्सिडाइझ होऊन हायड्रोपेरॉक्साइड बनतात, आणि ती मूळ रसायनांपेक्षा कितीतरी जास्त संवेदनशील करणारी असतात. अशा वाटीत वर्षभर उघडी राहिलेली पाकळी हाताने चाळवू नये. इथे जुनी ती खरोखरच वाईट.

दुसरं म्हणजे लाल कोळी. हा माइट (कोळ्याच्या वर्गातली बारीक कीड) पानांच्या मागच्या बाजूला आणि फुलांवर वाढतो, आणि हरितगृहात काम करणाऱ्यांना याची खरीखुरी ॲलर्जी झालेली आढळते. त्याला मारायला सोडलेल्या भक्षक माइटचीही होते. बारीक जाळी, पांढरट ठिपके दिसले तर दोष पाकळीवर ढकलू नका.

---

निळे_हातमोजे

तपासणीचा प्रश्न उरला होता. वयाची नोंद दिवसांत करू नका. तापमान १० अंशांनी वाढलं की कापलेल्या फुलाचा श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, त्यामुळे थंड खोलीतला पाचवा दिवस आणि उबदार खोलीतला दुसरा दिवस सारखेच असू शकतात. अवस्था लिहा: कळी, परागकोश बंद, परागकोश फुटलेले, पाकळी मऊ, ठिपके किंवा लव. सोबत संपर्काची वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ आणि शरीराची जागा. दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांच्या फार कामाची असते.

नाक-डोळ्यांच्या त्रासासाठी प्रिक टेस्ट. ती १५ ते २० मिनिटांत वाचतात, आणि नकारात्मक नियंत्रणापेक्षा (नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या जागेपेक्षा) ३ मिलिमीटरने मोठी गांधी (फुगवटा) आली तर सकारात्मक मानतात. ताज्या वनस्पतीत सुई टोचून तीच त्वचेला टोचण्याची पद्धतही आहे. तिच्यासाठी फूल नेताना एकच अवस्था नेऊ नका. परागकोश, कोवळी पाकळी आणि पिकलेली पाकळी वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत घालून, थंड ठेवून, नाव लिहून न्या. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि बुरशी वाढते, मग तपासणी कशाची होतेय तेच कळत नाही. अँटीहिस्टामिन साधारण आठवडाभर आधी थांबवावं लागतं, पण ते डॉक्टरांना विचारूनच.

बोटांसाठी पॅच टेस्ट. संशयित रसायनं लावलेल्या चकत्या पाठीवर ४८ तास राहतात, वाचन दोन वेळा होतं: काढताना आणि मग साधारण चौथ्या दिवशी. काही रसायनं सातव्या दिवशीही उठतात, तेव्हा उशिरा खाज आली तर कळवा. शेवंतीसाठी सेस्क्विटर्पीन लॅक्टोन मिश्रण ०.१ टक्का वापरतात. पण त्यात तीनच लॅक्टोन असतात, म्हणून ते कोरं आलं तरी शेवंती निर्दोष ठरत नाही. पाठीच्या त्या भागावर आधीच्या आठवड्यात स्टेरॉइड मलम नको. अँटीहिस्टामिनने या तपासणीत फारसा फरक पडत नाही.

घरच्या घरी पाकळी चिकटपट्टीने हातावर बांधून बघायचा मोह होईल. कृपा करून करू नका. कच्च्या वनस्पतीत रसायनाचं प्रमाण किती ते माहीत नसतं, त्यामुळे त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, आणि त्याहून वाईट म्हणजे आजवर नसलेली ॲलर्जी त्या एका प्रयोगाने कायमची लागू शकते. ट्युलिप आणि प्रिम्युलाच्या बाबतीत तर मुळीच नको.

लिलीच्या शिंकांसाठी मात्र घरी करण्यासारखी एक तुलना आहे, दमा किंवा आधी तीव्र ॲलर्जी झालेली नसेल तरच. एकदा परागकोश फुटण्याआधीच सगळे काढलेली दांडी ठेवा, कोमेजेपर्यंत. मधे एक आठवडा फुलं नकोत. मग न काढलेली दांडी, त्याच जागी. पहिल्या खेपेला पाकळ्या पार गळेपर्यंत शिंका आल्या नाहीत, तर लिलीपुरती पाकळी सुटली.